मैदानमुक्त शाळा

माझी थोरली बहीण आमच्या शहराची आरोग्य अधिकारी झाली, तेव्हा मी अख्ख्या शाळेला पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचा मला पुढे इतका पश्चात्ताप झाला, की विचारू नका. कारण हीच बाई, डॉ. स्मिता गाडे, गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एक पांढरा खोका घेऊन आमच्या शिक्षकांच्या खोलीत उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "या शाळेला आता मैदानाची गरज उरणार नाही."

मी समोरच बसले होते. मी वनिता गुंजाळ, महानगरपालिका शाळा क्रमांक सतरा, बांबूगल्ली, इथली पी.टी.ची बाई. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि आवाज असा, की मुख्याध्यापक बोराडे सर माझ्याशी बोलताना एक पाऊल मागे उभे राहतात. 

"गरज उरणार नाही म्हणजे?" बोराडे सरांनी विचारलं.

"अभियानाचं नावच तसं आहे सर. 'मैदानमुक्त शाळा'."

मैदानमुक्त! जसं काही मैदान म्हणजे डेंग्यूचे डास.

आता आमचं मैदान काही फार देखणं आहे असं नाही. शाळेच्या मागची मोकळी जागा ती. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला बांबूच्या वखारीची भिंत. खाली माती कमी आणि पाडलेल्या इमारतींचा चुराच जास्त. पण बांबूगल्लीतल्या पोरांना सरळ धावायला शहरात तेवढी एकच जागा आहे. घरी पाय पसरले तर भिंतीला लागतात, आणि गल्लीत दिवसभर मालाचे टेम्पो. पोरांनी धावायचं कुठे?

ताईने खोका उघडला. आत कातडीच्या रंगाच्या, बोटभर रुंद पट्ट्या होत्या. तिने एक उचलून सगळ्यांना दाखवली आणि समजावून सांगायला लागली. ते ती छान करते, हे मान्य करायलाच हवं.

"माणूस धावतो तेव्हा नुसते पाय हलत नाहीत," ती म्हणाली. "स्नायू कामाला लागले की ते रक्तात काही रेणू सोडतात. एक प्रकारचे निरोपच ते. हृदयाला निरोप जातो, जोर वाढव. हाडांना जातो, घट्ट व्हा. पेशींच्या आत ऊर्जा तयार करणारी बारीक बारीक वीजघरं असतात, त्यांना जातो, संख्या वाढवा. व्यायामाने माणूस सुदृढ होतो, त्यात या निरोपांचा मोठा वाटा आहे. आता हे रेणू प्रयोगशाळेत बनवता येतात. या पट्टीच्या खाली केसाहून बारीक सुया आहेत, टोचलेल्या कळतसुद्धा नाहीत. दंडावर चिकटवली की आठवडाभर ती निरोप पाठवत राहते. शरीराला वाटतं, आपण रोज तासभर पळून आलो."

"आणि खरं तर?" मी विचारलं.

"खरं तर मूल बाकावर बसलेलं असतं."

"म्हणजे शरीराला गंडवायचं."

"शरीराला मदत करायची," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "टेकडीवरच्या इंटरनॅशनल शाळेत आम्ही आधी चाचणी घेतली. मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी घड्याळं बांधली होती. परीक्षांचं सत्र होतं, खेळाचे तास सगळे गणिताला दिलेले, मुलं दिवसभर बसून. तरी दम वाढला, हाडं मजबूत झाली, आणि दुष्परिणाम एकही नाही. मग मैदान कशाला अडवून ठेवायचं? बाजारपेठेला पार्किंग हवंय. या जागेवर बहुमजली पार्किंग होईल. एप्रिलमध्ये आयुक्त स्वतः येऊन बघतील. इथल्या मुलांचे आकडे चांगले आले, की सही."

म्हणजे पोरं सुदृढ झाली तर मैदान जाणार. असला सौदा मी जन्मात ऐकला नव्हता.

बाहेर तिच्या गाडीपाशी मी तिला गाठलं.

"वने, तुला राग आलाय," ती म्हणाली.

"राग? छे गं! माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्या मैदानावर गाड्या लावायच्या ठरवल्यात, मी आनंदाने नाचायचीच बाकी आहे."

"हे बघ. दरवर्षी मी शहरातल्या सगळ्या शाळांची तपासणी करते. आपल्या बारा वर्षांच्या पोरीला एक जिना चढून धाप लागते. टेकडीवरची पोरगी तेच तीन जिने बडबड करत चढते. आपल्या पोरांची उंची कमी, रक्त कमी, छातीचा जोर कमी. तू वीस वर्षं इथे शिट्टी वाजवतेयस. हा फरक भरून निघाला का? सांग ना."

मला झोंबलं, कारण खरं होतं. मैदानावर धावायची ती आधीच काटक असलेली पोरं. ज्यांना खेळायची खरी गरज, ती कडेला बसायची, कारण त्यांच्यात उठायचंच बळ नसायचं. मी त्यांच्यावर ओरडायचे, आणि ओरडून काही कुणाचं रक्त वाढत नाही.

श्रावणी लोखंडे त्यातलीच. सातवी ब. वडील वखारीत बांबू तासतात, आई चार घरची धुणीभांडी करते. आडनाव लोखंडे आणि अंगात लोहाचा पत्ता नाही, असं मी तिला चिडवायचे. ती बिचारी हसायची, आणि प्रार्थनेला उभी राहिली की धाडकन खाली पडायची. खेळाच्या तासाला तिचं काम ठरलेलं. "बाई, मी सगळ्यांच्या चपला सांभाळते." लंगडीचा डाव रंगला की ती चपलांच्या ढिगामागून मान उंच करून बघत बसायची. त्या पोरीला लंगडी खेळताना बघायचं, एवढी माझी फार इच्छा होती.

तर पट्ट्या लागल्या. पट्टीबरोबर ताईने लोहाच्या गोळ्या आणि दुपारच्या खिचडीबरोबर रोज एक उकडलेलं अंडं सुरू केलं, अंडं न खाणाऱ्यांना शेंगदाण्याचा लाडू. त्यासाठी ती कुणाकुणाशी भांडली ते मला नंतर कळलं. "निरोप पोचला म्हणून रक्त हवेतून थोडंच बनतं? माल लागतो," असं म्हणाली. मी मनात म्हटलं, अंडी चांगली आहेत, ती ठेव आणि बाकीचं घेऊन जा.

पण बाकीचंही चांगलं निघालं हो! महिना-दीड महिन्यात खिचडीचं पातेलं रिकामं व्हायला लागलं. पूर्वी उरायची. स्वयंपाकाच्या शकुंतलामावशी पळी घेऊन माझ्याकडे आल्या, "बाई, पोरांच्या पोटात काय शिरलंय? तिसऱ्यांदा ताट पुढं करतात." प्रार्थनेला कुणी पडेना. आणि जानेवारीत एकदा मी लंगडीचं रिंगण आखत होते, तर मागून आवाज आला, "बाई, आज चपला दुसरं कुणी सांभाळेल का?"

श्रावणी होती. तिने फ्रॉकचा पट्टा आवळला, एक पाय उचलला, चार उड्या मारल्या आणि बसली. पण बसली ती हसत. मी तोंड वळवून शिट्टी पुसत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पी.टी.च्या बाईने रडायचं नसतं.

आणि त्याच तासाला माझ्या डोक्यात ते आलं. मैदान वाचवायचा उपाय फारच सोपा होता. पट्ट्या पोरांच्या दंडावर, आणि पोरं माझ्या हाताखाली. "घाम येतोय, पट्ट्या काढून पिशवीत टाका," एवढं म्हटलं असतं तरी पोरांनी ऐकलं असतं. मग एप्रिलमध्ये आकडे आपटले असते, ताईची योजना गुंडाळली असती, मैदान माझं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी श्रावणीला टाकीपाशी बोलावलं. सुरुवात तिच्यापासूनच करायची असं ठरवलं होतं, ताईच्या तपासणीत तिचा आकडा सगळ्यात जास्त चढला होता ना! तिच्या पट्टीचा कोपरा मी नखाने उचलला.

"बाई, काढू नका ना," ती पटकन म्हणाली. "काल मी पाण्याची कळशी घेऊन जिना एका दमात चढले. आई दार उघडून म्हणते, अगंबाई, मला वाटलं दुसरंच कुणी आलं."

मी तो कोपरा अंगठ्याने दाबून पुन्हा नीट चिकटवला. काय करणार? मैदान मला हवं होतं ते कुणासाठी? या पोरीसाठीच ना! तिला पुन्हा चपलांच्या ढिगामागे बसवून मैदान वाचवायचं, तर ते मैदान काय चाटायचंय? त्या संध्याकाळी मी घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून. आमटी मीच केली होती.

फेब्रुवारीत पत्रे आले. आयुक्तांची सही व्हायचीच होती, पण पार्किंगचा ठेकेदार उत्साही निघाला. माती तपासायची म्हणून त्याने सगळ्या मैदानाला निळे पत्रे ठोकले आणि दाराला कुलूप लावलं. पी.टी.चे तास वर्गात. "खांद्यांचे व्यायाम घ्या," बोराडे सर म्हणाले.

खांद्यांचे व्यायाम! आठवड्याभरात शाळेचं काय झालं म्हणून सांगू? सहावी अ ने बाकांवरून बाकांवर उड्या मारायची शर्यत लावली आणि तीन बाकं मोडली. जिन्यात लंगडी सुरू झाली. व्हरांड्यात आठवीतली पोरं एकमेकांना पाठीवर घेऊन पळायची. कवायतीला एरवी ज्यांचे हात वर जायचे नाहीत, ती पोरं दाराच्या चौकटीला लोंबकळायला लागली. मधल्या सुट्टीत आवाज असा, की वखारीतले लोक भिंतीवरून डोकावून विचारायचे, आज काही कार्यक्रम आहे का? एके दिवशी बोराडे सर त्यांच्या खुर्चीत बसायला गेले तर खुर्चीच जागेवर नव्हती. ती घेऊन चौथीतली पोरं पालखी पालखी खेळत होती.

आया तक्रार घेऊन येऊ लागल्या. पोरं झोपेनात, घरात टेकेनात, खाटेवर उड्या मारतात, शेजारी भांडायला येतात. श्रावणीची आईही आली. तक्रार करताना तिला हसू आवरत नव्हतं, पण म्हणाली, "बाई, खाली टेम्पो असतात. ही गल्लीत पळते. एखाद दिवशी चाकाखाली येईल." मग मात्र ती हसली नाही, आणि मीही नाही.

ताई धावत आली. वर्गावर्गांतून फिरली. मोडकी बाकं पाहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"टेकडीवरच्या शाळेत असं काहीच झालं नव्हतं," ती म्हणाली. "तीच पट्टी, तीच मात्रा. इथेच का? बहुतेक आपल्या मुलांना ही मात्रा झेपत नाहीये. असंच चाललं तर मला पट्ट्या बंद कराव्या लागतील, वने. आयुक्तांना तसंच सांगावं लागेल."

पट्ट्या बंद म्हणजे योजना बंद. योजना बंद म्हणजे मैदान माझं. मी उड्या मारायला हव्या होत्या. त्याऐवजी मी म्हणाले, "एवढ्यात काही ठरवू नकोस." ताई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी घरी ये. थालीपीठ लावते. कितीतरी दिवसांत धड बोललो नाही आपण."

ताई राहते टेकडीच्या पायथ्याशी. तिची मुलगी ईरा त्याच इंटरनॅशनल शाळेत, आठवीत. ताईच्या चाचणीत तीही होती, अधिकाऱ्याची मुलगी म्हणून पहिला नंबर तिचाच. मी गेले तेव्हा ताई थालीपीठ थापत होती आणि आम्ही दोघी डोकं खाजवत होतो, की नेमकं चुकलं कुठे.

तेवढ्यात ईरा आली. केस ओले, खांद्यावर बॅग.

"मावशी! थांब हं, खाऊन लगेच जायचंय."

"कुठून आलीस? आणि कुठे जायचंय?"

"स्विमिंगवरून आले. आता बॅडमिंटन. शनिवार-रविवार ट्रेक असतो." तिने दोन घासांत अर्धं थालीपीठ संपवलं. "पट्टी लावल्यापासून मला बसवतच नाही गं. आमच्या वर्गात सगळ्यांचं तसंच. प्रणीतने तर दोन-दोन क्लास लावलेत. टेनिस पण, फुटबॉल पण."

मी तिचं मनगट पाहिलं. रिकामं.

"ईरा, ते हालचाल मोजणारं घड्याळ होतं ना चाचणीत, ते घालून तू पोहायला जायचीस का गं?"

"छे! ते शाळा सुटताना मिस काढून घ्यायच्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावायच्या. सरकारी आहे, हरवलं तर भरून द्यावं लागेल म्हणून. सकाळी परत मिळायचं." एवढं बोलून ती रॅकेट उचलून गेलीसुद्धा.

ताईचं थालीपीठ तव्यावर करपत होतं. तिचं लक्ष नव्हतं.

आपल्याकडे सरकारी वस्तूचं असंच असतं. आमच्या शाळेतले फुटबॉलसुद्धा खराब होऊ नयेत म्हणून पाच वर्षं कपाटात होते, बाहेर काढले तेव्हा एकातही हवा राहिना. घड्याळांचंही तेच झालं. ती सुरक्षित राहिली. आणि शाळा सुटल्यावर पोरं काय करतात ते शास्त्रज्ञांना कधी कळलंच नाही.

"मोजलेलं काही चुकलं नाही," ताई हळूच म्हणाली. "आम्ही अर्धाच दिवस मोजला."

मग ती खुर्चीत बसली आणि मला म्हणण्यापेक्षा स्वतःलाच समजावू लागली. पट्टी शरीराला सांगते, तू पळालास. शरीर विश्वास ठेवतं आणि खरोखरच पळायची ताकद तयार करतं. रक्त वाढतं, वीजघरं वाढतात. पण निरोप मेंदूलाही जातो. तयार झालेली ताकद शरीर वापरायला मागतं, पाय आपोआप उठतात. टेकडीवरच्या पोरांनी ती तलावात, कोर्टात, डोंगरावर नेऊन खर्च केली, रात्री शांत झोपली. म्हणून दुष्परिणाम दिसलाच नाही. आमच्या पोरांनी ती न्यायची कुठे? बाकांवर, जिन्यात आणि टेम्पोंच्या मध्ये.

"मात्रा बरोबर आहे, वने. जागा कमी पडतेय."

"मग तसं सांग आयुक्तांना."

तिने तोंडावरून हात फिरवला. "माझी योजना आहे ती. कागदावर माझं नाव आहे. घड्याळं कुलपात ठेवायचा हुकूम माझाच आहे. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणू, की मी बघितलंच नाही? मला तिथून पुढे कोण विचारेल?"

  मी उठून तवा खाली उतरवला.

एप्रिलमध्ये आयुक्त आले. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. मोठ्या वर्गात बाकं लावून पोरं बसवली होती. बोराडे सरांनी सकाळपासून बजावलं होतं, हाताची घडी, तोंडावर बोट. ठेकेदारही आला होता, नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन.

ताईने पडद्यावर आकडे दाखवले. आकडे झकास होते. रक्त वाढलं, दम वाढला, टेकडीवरच्या पोरांशी असलेलं अंतर निम्म्याने कमी झालं. आयुक्त मान डोलावत होते. "आणि शिस्तही छान आहे," असं ते म्हणाले, आणि तेवढ्यात खडखड सुरू झाली.

आधी मागच्या बाकाची. मग मधल्या. पोरांचे हात घडीत होते, बोटं तोंडावर होती, पण गुडघे कुणाच्या बापाचं ऐकेनात. खाली सगळे पाय नाचत होते आणि बाकं थडथडत होती. बोराडे सरांनी डोळे वटारले. पोरं त्यांच्याकडे गरीब चेहऱ्याने बघत राहिली आणि पाय चालूच. पहिल्या बाकावर श्रावणी, तिने दोन्ही हातांनी गुडघे धरून ठेवले होते, तरी ते हातांसकट हलत होते.

"हे काय आहे?" आयुक्तांनी विचारलं.

"उत्साह आहे, साहेब," ठेकेदार म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला. आयुक्तांनी पेन काढलं.

मी ताईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती.  आता बोल ना गं बाई, मी मनात म्हणत होते, आता नाही तर मग कधी?

"सर," ताई म्हणाली.  "सहीच्या आधी मला एक दुष्परिणाम सांगायचाय. अहवालात तो नाहीये."

पेन थांबलं. "कोणता?"

"पट्टी लावलेल्या मुलांना खेळावंसं वाटतं."

आयुक्त हसले. "डॉक्टर, याला दुष्परिणाम म्हणतात?"

"जागा नसली तर म्हणतात, सर. झोप जाते, बाकं मोडतात, मुलं गल्लीत टेम्पोंमधून पळतात. टेकडीवरच्या मुलांनाही हेच झालं होतं, पण त्यांच्याकडे औषध होतं. तलाव, कोर्ट, डोंगर. आम्हाला ते दिसलं नाही, कारण घड्याळं शाळा सुटताना कपाटात जायची. तो हुकूम माझा होता. चूक माझी आहे." तिने श्वास घेतला. "पट्टी चांगली आहे सर. ती बंद करू नका. पण ती मैदानाच्या ऐवजी नाही चालत. ती मैदानाबरोबरच चालते."

वर्गात फक्त बाकांची खडखड. बोराडे सरांनी घाम पुसला.  आयुक्त खिडकीतून निळ्या पत्र्यांकडे बघून म्हणाले, "मला दाखवा."

"उघडा ते," त्यांनी ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदाराने किल्ली शोधायला इतका वेळ लावला, की मी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः जाऊन कुलूप काढलं. ताईने वर्गाच्या दारातून मला हात केला. "गुंजाळ बाई, शिट्टी!"

वीस वर्षांत मी एवढ्या जोरात शिट्टी वाजवली नव्हती. पोरं सुटली. शिस्तीत, रांगेने, एकमेकांना न ढकलता गेली, असं मी सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? ढकलत, किंचाळत, चपला हवेत उडवत गेली. ठेकेदाराच्या नकाशांची गुंडाळी सुटून पायांखालून गेली. सहावी अ टाकीला फेरी मारून परत आलीसुद्धा, तोवर आयुक्त मैदानाच्या कडेला पोचत होते.

ते तिथे उभे राहिले. कपाळावर हात धरून बघत होते. दहा मिनिटं गेली असतील, जास्तही असतील. आधी नुसताच गोंधळ होता. मग त्यातून हळूहळू डाव तयार झाले. इकडे कबड्डी, तिकडे खो-खो, मधे चौथीची साखळी. पोरांचे चेहरे घामाने चमकत होते. आणि पाय? आता कुणाचेच पाय थडथडत नव्हते. त्यांना त्यांचं काम मिळालं होतं.

"आणि पार्किंग?" आयुक्तांनी विचारलं. "बाजाराला जागा हवीच आहे."

"बाजारातली माणसं गाड्या नदीकाठी लावतील आणि चालत येतील, सर," ताई म्हणाली. "त्यांना मग माझी पट्टी लागणार नाही."

आयुक्त मोठ्याने हसले. त्यांनी पेन खिशात टाकलं. मग ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "पत्रे काढा. आजच. आणि डॉक्टर, नवा अहवाल द्या. पट्टी, अंडं आणि मैदान, तिन्ही एकत्र. शहरातल्या सगळ्या शाळांसाठी. ज्या शाळेला मैदान नाही, तिथे आधी जागा शोधू, मग पट्टी."

मी काय केलं असेल? मी आयुक्तांसमोर, बोराडे सरांसमोर, माझ्या बहिणीला कडकडून मिठी मारली. तीही रडत होती, मीही रडत होते. नाकं पुसायला एकच रुमाल, तोही तिचा.

"सोड, वने, लोक बघतायत," ती म्हणाली.

"बघू देत! आता मी पुन्हा पेढे वाटणार आहे."

"बाई!" कुणीतरी ओरडलं. "बाई, तुम्ही रिंगणात आहात! पळा!"

खरंच की. रडण्याच्या भरात मी लंगडीच्या रिंगणात येऊन उभी राहिले होते, आणि राज्य होतं श्रावणीवर. एक पाय उचललेला, वेणी सुटलेली, डोळे माझ्यावर. ती उड्या मारत निघाली. मी पळाले. आधी मजेत पळाले, मग जरा जोरात, मग बूट सावरत जीव खाऊन पळाले. टाकीपर्यंत गेले, भिंतीकडून वळले, पोरं दोन्ही बाजूंनी ओरडत होती, आयुक्तसुद्धा टाळ्या वाजवत होते. मागून तिच्या एका पायाचा आवाज यायचा थांबेना. टप, टप, टप.

मग पाठीत एक सणसणीत थाप बसली.

"बाई आऊट!"

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले. वर पाहिलं तर श्रावणी लोखंडे अजून एकाच पायावर डोलत उभी होती, पुढच्याला पकडायला निघण्याच्या तयारीत, तोंडभर हसत. आणि धाप लागली होती, ती मला.